बीडला चालणारं मशीन

आमच्या महिला दूध संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा गावात प्यायला पाणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की विमलबाई, ऐन दुष्काळात तुम्हाला ही कसली हौस सुचली. हौस आम्हाला नव्हती, संघाला होती. दूध निम्म्यावर आलेलं, चारा नाही म्हणून लोकांनी म्हशी काढून टाकलेल्या, त्यामुळे तालुक्याच्या दूध संघाला प्रत्येक गावात गाडी फिरवणं परवडेना. त्यांनी कळवलं, तुमच्या आणि शेजारच्या गावात मिळून यापुढे एकच केंद्र राहील. ज्या केंद्रात कॉम्प्युटरवरून मापाची पावती निघेल ते ठेवू. आमचे सुपरवायझर येऊन बघून जातील.

आमचं गाव नांदूरघाटाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. तिथं मी संस्थेची सचिव. शब्द भारदस्त आहे, काम असं की सकाळी माप घ्यायचं, फॅट काढायची, बायकांची भांडणं मिटवायची आणि शेवटी झाडूही आपणच मारायचा. अध्यक्ष सिंधुबाई. संस्था त्यांनी उभी केली. नवरा गेल्यावर दारोदार हिंडून त्यांनी बायका गोळा केल्या, पुरुषांच्या संस्थेनं दूध नाकारलेल्यांनाही त्यांनी सभासद करून घेतलं. बाई कडक. त्यांच्यापुढं दुधात पाणी घालायची कुणाची छाती नव्हती, आणि त्या वर्षी तर नुसतं पाणी सांडायचीही नव्हती. दुधाचे कॅन आम्ही खोलीच्या मागच्या दगडावर धुवायचो. एरवी तिथं कायम चिखल, अळूची पानं सुपाएवढी. दुष्काळ पडल्यावर सिंधुबाईंनी नियम केला: कॅन टबात धरून विसळायचा, ते पाणी जनावरांना न्यायचं, जमिनीवर थेंब पडला तर दंड. अळू वाळून गेलं. आम्ही कुरकुरलो, पण नियम चांगला होता, कितीतरी वासरं त्या पाण्यावर तगली.

संस्था महिलांची, म्हणून तिला सल्लागार पुरुष. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण पाळला सगळीकडे जातो. आमचे सल्लागार म्हणजे सिंधुबाईंचे दीर बिभीषण. एकदा कारखान्याच्या निवडणुकीत पडले, तेव्हापासून त्यांना सहकारातलं सगळं कळतं. त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर घ्यायचा तर कंपनीचा घ्या, माझ्या ओळखीचा माणूस आहे. सिंधुबाई म्हणाल्या, “आपल्या गावचं लेकरू मशीन बनवतंय, मंग भाईरच्याला कावून बोलवायचं?”

ते लेकरू म्हणजे चतुराबाईचा भारत. चतुराबाई आमची पहिल्या दिवसापासूनची सभासद, निळ्या झेंड्याच्या गल्लीत घर. भारतनं बीडला हार्डवेअरचा क्लास केला आणि तिथंच मित्राच्या दुकानात दोन-तीन वर्षं काम शिकला. पुण्याला मावसभावानं त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. त्याला जायचं नव्हतं. आई एकटी, आणि गावात राहून काहीतरी करायचं त्याच्या डोक्यात होतं. सिंधुबाईंनी त्याला शब्द दिला होता: मशीन बनव, केंद्र टिकलं की तूच ते चालवायला बस, पुढच्या खोलीत तुझं दुरुस्तीचं टेबल मांड. म्हणजे एका बटणावर केंद्रही होतं आणि भारतचं गावात राहणंही.

त्यानं एकेक भाग निवडून आणला. मित्राच्या दुकानात जोडला, तिथं चालवून बघितला, त्यात आमचा पावतीचा प्रोग्रॅम टाकला आणि चादरीत गुंडाळून एसटीनं गावाला आणला. खिडकीशेजारी बसून त्यानं ते मांडीवर धरलं होतं, असं कंडक्टरनं नंतर सांगितलं. नवरीलाही कुणी असं आणत नाही.

उद्घाटनाला टेबलावर नवी चादर, कॅबिनेटला हळदकुंकू, मोगरा कुठला मिळायचा म्हणून शेवंतीचा प्लास्टिकचा हार. सिंधुबाईंनी भारतच्या हातात नारळ दिला. तो हसून म्हणाला, “नारळ तुमी फोडा काकू, मी आपलं बटण दाबतो.” नारळ फुटला. पाणी मशीनवर उडू नये म्हणून मी मध्ये आडवी उभी होते, हेही सांगून ठेवते, कारण नंतर ते बालंटही आलं. भारतनं बटण दाबलं. आतला पंखा फिर्र करून फिरला, हिरवा दिवा लागला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत पंखा थांबला.

त्यानं पुन्हा दाबलं. फिर्र, आणि थंड.

“पंखाच पायजे व्हता तर टेबलफॅन घेतला असता,” बिभीषणराव म्हणाले. “सस्तात पडला असता.”

भारत हसला. एसटीच्या धक्क्यांनी काहीतरी सैल झालं असेल, म्हणाला, दहा मिनिटांचं काम. त्यानं झाकण काढलं, एकेक वायर दाबून बसवली. रॅमची हिरवी पट्टी काढली, माझ्या लेकीच्या कंपासपेटीतला खोडरबर मागून तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवली. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल काढून परत घातला. फुंकर मारली, ब्रश फिरवला. मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावलं, त्यात करंट बरोबर दिसला. मग मशीनला वायर जोडून बटण दाबलं की तेच, फिर्र आणि थंड.

त्या आठवड्यात त्याची तब्येत निम्मी झाली असेल. सकाळी दूध घालायला बायका आल्या की तो आधीच कॅबिनेटसमोर मांडी घालून बसलेला असायचा. एक गोष्ट त्याला छळत होती. आतली एकेक वस्तू काढत गेलं की पंखा जरा जास्त फिरायचा. नुसता बोर्ड ठेवला तर फिरतच राहायचा. सगळं जोडलं की मान टाकायचा. “म्हंजी ह्यातलंच एक कुणीतरी दगा देतंय,” तो मला म्हणायचा, आणि सगळे भाग फडक्यावर मांडून त्यांच्याकडे बघत बसायचा. भाग बिचारे सगळे चांगले होते. पण तेव्हा कुणाला माहीत?

सल्ले द्यायला गाव कमी नव्हतं. कुणी म्हणालं हळद आत गेली. कुणी म्हणालं नारळाचं पाणी गेलं. टेबल दक्षिणेला तोंड करून आहे म्हणून त्याची दिशा बदलायला लावली, तेही आम्ही केलं, कारण त्याला खर्च नव्हता.

शेवटी तो मशीन घेऊन पुन्हा बीडला गेला. दुपारी मला त्याचा फोन. “ताई, ऐका,” म्हणाला आणि फोन मशीनजवळ धरला. सुरू होतानाची ती टिंगटिंग धून मी स्वतःच्या कानांनी ऐकली. मित्राच्या दुकानात ते पहिल्या बटणाला सुरू झालं होतं. संध्याकाळपर्यंत चालत राहिलं, त्यानं त्यावर शंभर खोट्या पावत्या काढून बघितल्या. दुसऱ्या दिवशी तो हसतमुखानं परत आला. टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. फिर्र, आणि थंड.

भामाबाई म्हणून आमची म्हातारी सभासद आहे, ती म्हणाली, “लेकरा, त्याला आपल्या गावचं पाणी लागलं असंल.”

“लागायला पाणी हाय कुठं मावशी?” भारत म्हणाला, आणि आम्ही सगळ्या हसलो. तो पोरगा तेव्हाही हसवत होता.

बिभीषणराव हसले नाहीत. “बीडला चालतंय म्हणून सांगतंय कोण? त्योच.”

“मी आवाज ऐकलाय,” मी म्हणाले.

“आवाज रेडिओचा बी येतो.”

भारतनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तो सॉकेटकडे बघत होता. “काकू,” तो सिंधुबाईंना म्हणाला, “मला करंटाचं काहीतरी वाटायलंय. मीटर तर बराबर दावतंय, पर मशीन बीडला चालतंय अन् हितं न्हाई, म्हंजी मशीनचा काय दोष? एकदा माझ्या घरी लावून बघू का? एक रात ठिवतो, सकाळी आणतो.”

बिभीषणरावांनी वर बोट दाखवलं. छताला पिवळा बल्ब लागलेला होता. “करंट न्हाई तर ह्यो काय रॉकेलवर जळतोय का बे?” सगळे हसले. मग ते सिंधुबाईंकडे वळले. “वहिनी, संस्थेची वस्तू ठरावाबिगर कुणाच्या घरात जात न्हाई. बीडला गेली ती दुरुस्तीला गेली, ते निराळं. घरात न्यायची म्हणल्यावर आज ह्यो नेईल, उद्या त्यो. आन् त्या गल्लीत तर...”

बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं. गिळलेलं वाक्यही आमच्याकडे ऐकू येतं. भारतनं ते ऐकलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

सिंधुबाईंनी दिराकडे रागानं बघितलं, पण नियमाची बाई नियमात अडकली. “मासिक सभा हाय न्हवं, तवा ठराव घिऊ,” त्या भारतला म्हणाल्या. “एकदा ठराव झाला की कुणाला बोलायला जागा ऱ्हात न्हाई.” त्यांचा हेतू चांगलाच होता. तो आपला माणूस आहे, त्याच्यावर बोट उठू नये म्हणूनच त्या सगळं कागदोपत्री करायला बघत होत्या. त्या एका रात्रीत सगळा उलगडा झाला असता, असं मला आजही वाटतं आणि वाटून काही उपयोग नाही.

सभेच्या आधीच संघाचे सुपरवायझर आले.

भला माणूस होता तो. पाण्याची अवस्था बघून चहासुद्धा नको म्हणाला. “शेजारच्या गावचं मशीन चालू आहे,” त्यांनी सांगितलं, “पण तुमचं दूध चांगलं. तुमचं चालू झालं तर केंद्र इथंच ठेवायचं माझ्या मनात आहे. मी थांबतो.” आणि ते खरंच खुर्ची घेऊन बसले. त्यांच्या त्या थांबण्यानं जास्तच जीव गोळा झाला. बायका दारात दाटी करून उभ्या. चतुराबाई पायरीवर पदर तोंडाशी धरून बसलेली. भारतनं सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा घासलं, पुन्हा जोडलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. प्रत्येक वेळी पंखा फिरला की आम्ही सगळ्या श्वास धरायचो, आणि प्रत्येक वेळी तो थांबायचा.

बिभीषणराव सुपरवायझरांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “बीडात जुना माल घासूनपुसून नवा म्हणून मिळतो. लोकं आणतेत अन् लावतेत.”

सिंधुबाई टेबलाशेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. वीस वर्षं सांभाळलेली संस्था डोळ्यांसमोर हातची जात होती, साहेब घड्याळाकडे बघत होते, दीर कुजबुजत होता आणि बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, रागाचं बोलणं माणूस विसरतो. त्या शांतपणे, जवळजवळ मायेनं म्हणाल्या, “भारत, खरं सांग. ह्यातला माल नवाच हाय न्हवं?”

त्यानं मान वर केली. “कावून इचारायलेत काकू?”

“आपलं इचारते. समद्यांच्या म्होरं एकदा सांग, म्हंजी झालं.”

त्याला सांगता आलं असतं. हो नवाच आहे, एवढे तीन शब्द. बिलंही त्याच्या पिशवीत होती, आदल्याच दिवशी त्यानं ती मला दाखवली होती. पण त्यानं झाकण बसवलं, सगळे स्क्रू नीट आवळले, फडक्यानं टेबल पुसलं. खोडरबर मला परत दिला. मग म्हणाला, “तुमी इचारलं, बास झालं.”

दारातल्या बायकांनी त्याला वाट करून दिली. चतुराबाई पायरीवरून उठली आणि त्याच्यामागं गेली. आम्हा बाकीच्यांपैकी कुणीही जागची हलली नाही. सुपरवायझर उठून म्हणाले, “मला वाईट वाटतं बाई, पण मला गाडी एकाच गावाला देता येते.”

भारत दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. चतुराबाईनं केंद्रावर यायचं बंद केलं. तिचं दूध कुठं जातं हे विचारायची सिंधुबाईंची हिंमत झाली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “घरीच दही लावते.” तिच्या एका म्हशीचं किती दही लागतं आणि ते कोण खातं, हे मी विचारलं नाही.

केंद्र बंद करायचं म्हणजे संघाचे कॅन परत द्यायचे. महिनाअखेरीला टेम्पो येणार होता. बिभीषणराव म्हणाले, तसेच द्या, कशाला पाणी घालवता. सिंधुबाई म्हणाल्या, “घाण भांडी देऊन नाव घालवू का? धुवूनच जातील.” त्या दिवशी टँकर आला होता. बायकांनी आपापल्या वाट्यातून एकेक घागर आणली. कुणाला सांगावं लागलं नाही. सगळे कॅन मागच्या दगडाजवळ मांडले. मी सवयीनं टब आणायला निघाले तर सिंधुबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे टब. आज सांडू दे.”

आणि पाणी सांडलं. कितीतरी महिन्यांनी त्या दगडावरून पाणी खाली उतरलं आणि जमिनीनं ते घटाघट पिऊन टाकलं. बायका कॅन धूत होत्या. मी आत जाऊन सामान बांधायला लागले. फॅट काढायच्या बाटल्या कागदात गुंडाळत होते, तेवढ्यात माझ्या हातांवर उजेड पडला. वर बघितलं तर छतावरचा पिवळा बल्ब पांढरा फेक झाला होता.

पहिल्यांदा वाटलं, तालुक्याहून जादा करंट सोडला. मग मागून भांड्यांचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

आमच्या गावात खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे करंट माघारी नेणारी तार कधीच तुटली आहे. ती जोडायला कुणी येत नाही. म्हणून घरोघरी लोक परसात लोखंडी सळई जमिनीत ठोकतात आणि तिच्यावर भागवतात. माती ओली आहे तोवर करंट ठीक. माती सुकली की दिवे मिणमिणतात, मग आया ओरडतात, “अर्थिंगला तांब्याभर पाणी टाक रे.” हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पण संस्थेच्या अर्थिंगला कुणी कधी पाणी टाकलेलं नव्हतं, म्हणून संस्थेलाही सळईच आहे हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. ती धुण्याच्या दगडाखाली होती. वीस वर्षं कॅनच्या पाण्यानं ती आपोआप ओली राहिली. मग आमच्या नियमानं ती कोरडी पडली. एका बल्बापुरता करंट यायचा, मीटरला दिसण्यापुरता यायचा. मशीननं सगळं ओझं टाकलं की तो मान टाकायचा. भारतनं आतली एकेक वस्तू काढली की पंखा जास्त का फिरायचा, तेही त्यात आलं.

मी मागच्या दाराशी गेले. “काकू, इकडं या.”

सिंधुबाई ओल्या हातांनी आत आल्या. मी बल्ब दाखवला. त्यांनी बल्ब बघितला, मग मागच्या दगडाकडे बघितलं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या टेबलापाशी गेल्या, मशीनवरची चादर काढली, मला म्हणाल्या, “लाव.”

मी वायर लावली आणि बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरत राहिला. ती धून वाजली. पडद्यावर आमच्या संस्थेचं नाव आलं, भारतनं टाकलेलं, त्याखाली अध्यक्ष म्हणून सिंधुबाईंचं नाव. दारात जमलेल्या बायकांपैकी कुणी टाळी वाजवली नाही. भामाबाई तेवढी म्हणाली, “अगं बया, चालतंय की गं,” आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

सिंधुबाई खाली बसल्या. “मीच कोरडं पाडलं,” त्या म्हणाल्या. “आन् त्याला इचारलं, माल नवा हाय का.”

थोड्या वेळानं त्या उठल्या, पदर सारखा केला आणि चतुराबाईच्या घराकडे निघाल्या. मीही निघाले. मशीन तसंच चालू राहिलं.

चतुराबाईनं आम्हाला दारात बघितलं. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आल्या माणसाला पाणी द्यायची रीत तिनं मोडली नाही. सिंधुबाईंनी तांब्या दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावेनात. “चतुरा, भारतचं मशीन चांगलं हाय. चालू झालंय. अर्थिंग वाळलं व्हतं, दुसरं काय न्हाई.”

“मला त्यातलं काय कळतंय,” चतुराबाई म्हणाली. “त्यालाच सांगा.” तिनं फोन लावून दिला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन मोठ्या आवाजात असतो, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

सिंधुबाईंनी सांगितलं. दगड, कॅन, टब, सळई.  पलीकडे तो हसला. खरंच हसला. “अर्थिंग व्हय,” तो म्हणाला. “आन् मी येड्यावानी रॅम घासत बसलो. ताईंच्या लेकीचा खोडरबर संपवला.” लगेच कामाचं बोलायला लागला. “काकू, तसंच जास्त येळ चालवू नका. माती वाळली की पुन्हा बंद पडंल. लाईनमनला धरून न्यूट्रल वढून घ्या.”

“ते तू यिऊन बघ,” सिंधुबाई म्हणाल्या. “ये माघारी. केंद्र गेलं तर जाऊ दे, मी संघात जाऊन बसते, पुन्हा आणते. सभा बोलावते आन् समद्यांच्या म्होरं सांगते, सिंधुबाईचं चुकलं. आता माझा तुझ्यावर पुरा इस्वास हाय लेकरा.”

“नका काकू, सभा बिभा नका,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, मी कान देऊन ऐकत होते, कणभरही नव्हता. “आता मशीन चालू झालंय. चालू मशीनवर बिभीषणरावांचा बी इस्वास बसंल. मला त्यो बंद असताना पायजे व्हता.”

सिंधुबाई तांब्या घेऊन उंबऱ्यावर बसल्या.

“आईला टँकरच्या रांगेत लई उभी ऱ्हाऊ देऊ नका,” तो म्हणाला. “तिचे गुडघे दुखतेत. ठिवू का काकू? हितं कामाची येळ झाली.”

फोन चतुराबाईच्या हातात देऊन सिंधुबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.  मग बसल्याजागीच त्यांनी चतुराबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. चतुराबाईनं हात झिडकारला नाही, आणि हातावर हात ठेवलाही नाही.

आम्ही परत आलो तेव्हा टेम्पो उभा होता. बिभीषणराव आत टेबलासमोर उभे होते, चालू मशीनकडे बघत. “वहिनी, म्या म्हणलंच नव्हतं का, पोरगं हुशार हाय,” ते म्हणाले.  त्यांना बाजूला करून सिंधुबाई आत गेल्या आणि कॅन चढवायला पहिला हात त्यांनी लावला.

शेवटचा कॅन गेल्यावर खोली रिकामी झाली. टेबलावर मशीन गुणगुणत होतं, पडद्यावर त्यांचं नाव तसंच होतं.

“बंद कर ते विमल,” त्या म्हणाल्या.

“राहू द्या की काकू थोडा वेळ,” मी म्हणाले. “किती छान चालतंय.”

“चालतंय म्हणूनच बंद कर.”